आईचे काम आणि बाळाची शाळा

मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की मुसलमान घरांत बिस्मिल्लाखानी होते. हिंदू घरांत चांगला दिवस पाहून पाटीपूजन होते व मुलाच्या हाती लेखणी दिली जाते. नातलग जमतात, मिठाई वाटली जाते, आणि मुलाचे शिक्षण आजपासून सुरू झाले असे सर्वजण मानतात. हा समारंभ गोड आहे आणि तो व्हावाच. परंतु शिक्षकाच्या नजरेने पाहू गेल्यास शिक्षणाचा आरंभ त्या दिवशी होत नसतो. ते चार वर्षे आधीच सुरू झालेले असते, आणि त्या वर्षांची शिक्षिका आई असते. पहिलीच्या वर्गात नवी मुले आली की कोणाशी घरी बोलले जाते आणि कोणास नुसते गप्प बसविले जाते, हे आम्हांस आठवडाभरात कळून येते.

हे आम्ही पालकसभेत सांगितले की माता म्हणतात, "सर, सगळं खरं आहे, पण वेळ कुठून आणायचा?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. आपल्या बीदर-कलबुर्गी भागात कोणी पहाटे उठून तुरीच्या काढणीला जाते, कोणी शिवणयंत्रावर बसते, कोणी ज्वारीच्या भाकऱ्या करून विकते, तर कोणी स्वतःच शाळेत किंवा कचेरीत नोकरी करते. घरचे पाणी, धुणे, स्वयंपाक आणि सासूसासऱ्यांची सेवा ही वेगळीच. अशा भगिनींना 'रोज दोन तास मुलाला शिकवा' असे सांगणे म्हणजे त्यांची थट्टा करणे होय.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही निराळीच गोष्ट सुचवू इच्छितो. मुलासाठी वेगळा वेळ काढण्याची फारशी गरज नाही. जे काम आई करीत असते त्याच कामात मुलाला जागा करून द्यावी. असे केल्याने मूल शिकते, आईचा त्रास कमी होतो, आणि तिसराही एक मोठा लाभ होतो. तो कोणता, हे पुढे सांगू.

रोम शहर आणि कोसबाडची टेकडी

हा विचार आमच्या पदरचा नाही. मारिया मॉन्टेसोरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडले. तेथील आईबाप दिवसभर कामावर जात, मुले जिन्यांत धुडगूस घालीत आणि भिंती खराब करीत. म्हणून त्यांना कोठे तरी बसवावे, इतकाच इमारतीच्या मालकांचा हेतू होता. मॉन्टेसोरीबाईंनी त्या मुलांच्या हाती लहान झाडू, लहान पाण्याचे भांडे, गुंड्या लावण्याचे कापड अशा वस्तू दिल्या. मुलांना खऱ्या कामाची आवड खेळण्याहूनही अधिक असते, असे त्यांना दिसून आले.

महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी खेड्यापर्यंत नेले. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच पुढे आला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांस तेच नाव मिळाले. विकतची महागडी साधने न आणता बिया, पाने, काड्या आणि शिंपले यांवरच त्यांनी मुलांना शिकविले.

कोसबाडला या दोघींना आणखी एक गोष्ट दिसली. थोरली मुले शाळेत येत नसत, कारण घरी धाकटे भावंड सांभाळावे लागे. यावर उपाय म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. या रचनेस त्यांनी 'विकासवाडी' असे नाव दिले. धाकटे सुरक्षित राहिले की थोरली शिकू शकते, हा कोसबाडचा धडा आपल्या भागातील प्रत्येक घराने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सकाळची घाई

आईची चिडचिड बहुधा सकाळी होते. ती कमी करण्याचा उपाय आदल्या रात्रीच करावा. मुलाचे उद्याचे कपडे ज्या क्रमाने अंगात घालायचे त्याच क्रमाने एकावर एक ठेवावेत. सर्वांत वर चड्डी, मग सदरा. भिंतीवर मुलाच्या खांद्याच्या उंचीस एक खुंटी ठोकून द्यावी आणि त्याची पिशवी व टॉवेल तेथेच टांगावा. तीन-साडेतीन वर्षांचे मूल आठवडाभरात आपले आपण कपडे घालू लागते. पहिले काही दिवस सदरा उलटा घातला जाईल. हसू नये व रागावूही नये.

दुसरी युक्ती अशी. मूल पदर सोडीत नाही, काम करू देत नाही, अशी पुष्कळ मातांची तक्रार असते. अशा वेळी कामाला लागण्यापूर्वी दहा मिनिटे सर्व सोडून त्याच्याजवळ बसावे, मांडीवर घ्यावे, बोलावे. आईची ओढ भागली की मूल आपोआप खेळात रमते. ही दहा मिनिटे न दिल्यास पुढे तासभर त्याची किरकिर ऐकावी लागते.

शहाबादी फरशीची पाटी

आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा दगड दूरदूरच्या घरांत गेला आहे, आणि आपल्या घरांत तर तो पायाखालीच असतो. ह्या करड्या फरशीसारखी पाटी दुसरी नाही. वाटीत थोडे पाणी व कापसाचा बोळा द्यावा. ओल्या बोळ्याने रेघ ओढली की फरशी काळी दिसते, आणि वाळली की रेघ नाहीशी होते. मुलाला ही जादू वाटते, आणि आईला काही पुसावे लागत नाही. खडूने सहा चौकोन आखून दिले की ठिकरीचा खेळ होतो, आणि उड्या मारता मारता सहापर्यंत अंकही पाठ होतात.

मातीचेही तसेच. बीदरच्या पठाराची माती लाल आहे, तर सभोवतीच्या खालच्या मुलखाची काळी. दोन्ही मातींचे एकेक डबडे भरून आणावे. लाल मातीच्या पाण्यात बोट बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर चित्र काढता येते, आणि काळ्या चिकण मातीचे बैल, चूल व भांडी होतात. बीदरी कामाच्या भांड्याला काळा रंग आणण्यासाठी कारागीर बीदर किल्ल्यातील माती नवसागराबरोबर वापरतात, हे मुलास अशा वेळी सांगावे. आपल्या गावची माती मोलाची आहे, ही गोष्ट त्याला पुस्तकाआधी हातानेच कळेल. मात्र खेळ संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

चुलीपाशी

स्वयंपाकघर ही सर्वांत मोठी शाळा आहे. परंतु तिचा पहिला नियम कडक आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती तोंडात सबंध मावेल अशी कोणतीही वस्तू देऊ नये. तुरीचा दाणा, शेंगदाणा, हरभरा, चिंचोका व मणी घशात अडकून जीव जाऊ शकतो. एवढ्या लहान मुलास वाट्या, झाकणे आणि लाकडी चमचा द्यावा. लहान वाटी मोठीत बसते, मोठी लहानीत बसत नाही, हे त्याने शंभर वेळा करून पाहिले तरी त्याचे मन विटत नाही.

तीन वर्षांनंतर सुपात तूर व मूग मिसळून द्यावेत आणि वेगळे करावयास सांगावे. त्या वेळी आईची नजर त्याच्यावर असावी. यात रंग कळतो, आकार कळतो, आणि मुख्य म्हणजे अंगठा व पहिली दोन बोटे यांच्या चिमटीत बळ येते. पुढे पेन्सिल धरावी लागते ती ह्याच चिमटीत. ज्या मुलाची बोटे कोवळीच राहिली, त्याच्याकडून पहिलीत 'अ' गिरवून घेताना शिक्षक व मूल दोघेही रडकुंडीस येतात. थंडीच्या दिवसांत तुरीच्या हिरव्या शेंगा घरी येतात. त्या सोलण्याचे काम मुलास द्यावे. एका शेंगेत किती दाणे निघाले, हे मोजता मोजता गणिताचा धडा होतो.

चार-पाच वर्षांच्या मुलाकडून ताटे मांडून घ्यावीत. घरात माणसे सहा, ताटे चार, मग आणखी किती लागतील? कणकेचा लहान गोळा त्याच्या हाती द्यावा. त्याची पोळी नकाशासारखी झाली तरी भाजून त्यालाच खाऊ घालावी. आपल्या हातची पोळी मूल न कुरकुरता खाते.

जेवणाविषयी दोन शब्द. सहा महिन्यांपर्यंत बाळास केवळ आईचे दूध पुरे, पाणीही नको. त्यानंतर दुधाबरोबरच मऊ भात, घोटलेले वरण, कुस्करलेली भाकरी सुरू करावी. एक वर्षाखालील बाळास मध चाटवू नये. आपल्याकडे लहान मुलास चहात बिस्कीट बुडवून देण्याची सवय फार आहे, ती मोडावी. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ६ ते ५९ महिन्यांच्या दर १०० मुलांपैकी ६७ मुलांत रक्त कमी आढळले. आपली तूर, शेपू, मेथी, तीळ व शेंगदाण्याचे कूट ही स्वस्त व चांगली अन्ने आहेत. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातील लोह अधिक चांगले अंगी लागते. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींत रक्त कमी होते. तेव्हा सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले खाण्याची रीत मातांनी सोडावी, आणि घरच्यांनी ती सोडवावी.

जपण्याच्या गोष्टी

आठवड्यातून एकदा आईने घरात मुलाच्या उंचीवर बसून चहूकडे पाहावे. मुलाचा हात पोहोचेल तेथे रॉकेल, फवारणीचे औषध, गोळ्या, सुरी, गरम भांडे नको. शेतातील औषध सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची खोड फार घातक आहे. पाण्याने भरलेली बादलीदेखील रांगत्या मुलास पुरेशी खोल असते. ती रिकामी करावी किंवा झाकावी. सुरमा व काजळ यांत शिसे असू शकते, म्हणून बाळाच्या डोळ्यांत ते घालू नये.

उन्हाळ्यात आपल्या भागात पारा ४० अंशांवर जातो आणि जुलाबाने मुले कोमेजतात. अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारी क्षारसंजीवनीची पाकिटे घरी ठेवावीत. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे, आणि घोट घोट पाजावे. आईचे दूध बंद करू नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, शौचातून रक्त पडले किंवा पोटात काहीच ठरेना, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांकडे न्यावे.

तीन भाषांचे घर

आमच्या सीमाभागात घरी मराठी, शेजारी दख्खनी, बाजारात कन्नड असा प्रकार आहे. कोठे घरात दख्खनी आणि शेजारी मराठी. पुष्कळ मातापित्यांना भीती वाटते की मूल गोंधळेल, एकही भाषा धड शिकणार नाही. ही भीती निराधार आहे. लहान मूल दोन-तीन भाषा सहज उचलते. मधूनमधून शब्दांची सरमिसळ होईल, पण ती वाढीची खूण आहे, दोष नव्हे.

भाजी निवडताना हा खेळ करावा. आई म्हणेल 'मीठ', शेजारच्या आपा म्हणतील 'नमक', कन्नड बोलणाऱ्या अक्का म्हणतील 'उप्पु'. आपले पाणी, त्यांचे 'नीरु'. आपली तूर, त्यांची 'तोगरी'. कलबुर्गीस कन्नडमध्ये 'तोगरीचे कणज' म्हणतात. आपल्या घरातील कणगी आणि त्यांचे कणज हे शब्द किती जवळचे वाटतात! कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

परंतु आईने मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे? जिच्यात ती हसते, रागावते आणि दुवा देते त्या भाषेत. शेजाऱ्याचे पाहून मोडक्या इंग्रजीत 'इट', 'सिट', 'कम' म्हणत राहिल्याने मुलास ना इंग्रजी येते, ना आपली भाषा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर व गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घातला गेला, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी असे त्यात सांगितले. शाळेत ही सोय हवीच. पण भाषेचे पहिले शब्द आईच्याच तोंडून यावे लागतात. घरी मातृभाषा पक्की झालेले मूल शाळेत कन्नड, उर्दू वा इंग्रजी भराभर शिकते, हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

जात्याची जागा मोबाइलने घेऊ नये

पूर्वीच्या मातांना तरी मोकळा वेळ कोठे होता? पहाटे जाते ओढताना मांडीवर मूल असे आणि तोंडात ओवी असे. हेमा राइरकर व गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. इकडे विजापूरच्या बाजूस सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' या नावाच्या दख्खनी रचना झाल्या. बायका दळताना व सूत कातताना त्या म्हणत. काम, गाणे आणि मूल हे तिन्ही एका जागी होते. अक्षरओळख नसलेल्या मातांनीही मुलांना भाषा दिली ती अशी. म्हणून 'मी शिकलेली नाही, मी काय शिकवणार?' असे कोणीही म्हणू नये.

आता जाते गेले, गिरणी आली. गाणे मात्र जाण्याचे कारण नाही. भाकरी थापताना, धुणे धुताना गुणगुणावे. हाताने जे चालले आहे ते तोंडाने सांगावे: "आता पीठ चाळते, बघ कोंडा वर राहिला." मूल गप्प राहावे म्हणून त्याच्या हाती मोबाइल देण्याची रीत पडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन वर्षांखालील मुलास पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. जितका कमी तितका बरा. मोबाइल मुलाशी बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही. आणि बोलणे तर उत्तर देता देताच येते.

रात्री झोपताना एक गोष्ट सांगावी. नवी सुचली नाही तर कालचीच सांगावी. मुलांना तीच गोष्ट पुन्हा हवी असते. 'मग ससा कोठे गेला?' असे विचारून थांबावे व मुलाला पुढे सांगू द्यावे.

वर्षातून एकदा येणारी वेळ अमावस्या तर शिक्षणाची मोठी संधी आहे. सारे गाव शेतात जेवावयास जाते. त्या दिवशी मुलाच्या हाती एक पिशवी द्यावी. ज्वारीचे पान, हरभऱ्याचा घाटा, करडईचे काटेरी पान, पाखराचे पीस असे दहा जिन्नस त्याने जमवावेत आणि घरी आल्यावर आजीला एकेकाचे नाव सांगावे.

थोरल्या मुलीची शाळा

आता तो तिसरा लाभ. ज्या घरात धाकट्याला कामात सामावून घेण्याची सवय नसते, तेथे त्याला सांभाळण्याचे ओझे कोणावर पडते? दहा वर्षांच्या थोरल्या मुलीवर. आज आई शेतावर गेली, उद्या बाळाला ताप आला, परवा पाहुणे आले. दर वेळी हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. प्रथम एक दिवस, मग आठवडा, आणि पुढे 'तिचे अभ्यासात लक्ष नाही' असा ठपका येऊन शाळाच सुटते. अशा मुली आमच्या वर्गांतून गेल्या आहेत. त्यांतील काही चांगल्या हुशार होत्या. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण घरच्या पाळण्याची दोरी तिच्या हाती असेल तर कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

यास उपाय आहेत. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत नियमाने पाठवावे. मोहल्ल्यातील किंवा गल्लीतील चार माता एकत्र आल्या तर आळीपाळीने एकेकीने दुपारी चौघींची मुले सांभाळावीत. प्रत्येकीस तीन दुपारी मोकळ्या मिळतील. मुलांस सवंगडी मिळतात, आणि दारात बसलेल्या दादी-आजींनाही श्रोते मिळतात.

आणि पुरुषांसही आमचे सांगणे आहे. मूल दोघांचे आहे. वडिलांनी सकाळी मुलाला आंघोळ घातली, संध्याकाळी अर्धा तास बाजारात बरोबर नेले आणि भाज्यांची नावे विचारली, तर त्यांच्या इभ्रतीस काही उणेपणा येत नाही. मुलगा हे पाहील तर पुढे तोही तसाच वागेल.

भगिनींनो, एवढे सर्व एकदम करावयास जाऊ नका. उद्यापासून एकच गोष्ट धरा: काम करताना मुलाला जवळ बसवा, त्याच्या हाती त्याच्या वयाचे काम द्या, आणि त्याच्याशी बोला. ते अंगवळणी पडले की दुसरी धरा. आणि धाकट्यासाठी थोरल्या मुलीचे दप्तर खुंटीला टांगले जाणार नाही, एवढा निश्चय या महोत्सवाच्या वर्षात प्रत्येक घराने केला, तर चार वर्षांनी पहिलीत येणाऱ्या मुलांत आणि दहावीस बसणाऱ्या मुलींत त्याचे फळ आपणां सर्वांस दिसेल.